पाच फूट तीन इंचांच्या मग्सी बोग्सच्या कारकिर्दीतून माझ्या मुलाने नेमके काय घ्यावे?

कर्वेनगरची वाचक

नमस्कार. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि गेली पाच वर्षे तो डेक्कनच्या बाजूला एका मैदानावर बास्केटबॉल खेळतो आहे. त्याची उंची सध्या पाच फूट एक इंच आहे. माझी उंची पाच फूट आणि त्याच्या बाबांची पाच फूट चार इंच असल्यामुळे पुढे फार वाढ होईल अशी आशा आम्ही धरलेली नाही. चौदा वर्षांखालील गटात तो शाळेच्या संघाचा पॉइंट गार्ड होता आणि संघाचा सगळा खेळ त्याच्या हातून सुरू होत असे. यंदा सतरा वर्षांखालील गटाच्या निवड चाचणीत मात्र त्याला पहिल्याच सकाळी बाजूला काढण्यात आले. भिंतीवरच्या मोजपट्टीशी उभे करून उंची लिहून घेतली गेली आणि त्याच्या हातात चेंडू येण्याआधीच "उंची वाढली की ये" असे सांगण्यात आले. घरी येईपर्यंत तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही.

त्या रात्रीपासून तो मग्सी बोग्स या अमेरिकी खेळाडूच्या जुन्या सामन्यांच्या चित्रफिती पाहत असतो. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये खेळलेला सर्वांत बुटका खेळाडू, उंची १६० सेंटिमीटर, एवढे मला त्याच्याकडूनच कळले. त्याच्या गणिताच्या वहीच्या पहिल्या पानावर आता "१६०" हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे.

मी स्वतः खेळाडू नाही, बँकेत नोकरी करते. माझ्या मुलाला खोटी आशा मिळू नये आणि खरी असलेली आशा माझ्या अज्ञानामुळे त्याच्यापासून हिरावली जाऊ नये, एवढीच माझी धडपड आहे. या खेळाडूची कारकीर्द प्रत्यक्षात कशी घडली, त्यातले शिकून घेण्यासारखे काय आणि केवळ योगायोगाने जुळून आलेले काय, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे. मुलाच्या बाबांनी कुठेतरी असेही वाचले आहे की मायकल जॉर्डनने एका सामन्यात उंचीवरून मारलेल्या टोमण्यामुळे बोग्सचा आत्मविश्वास गेला आणि त्याची कारकीर्द संपली. हे मुलाच्याही कानावर गेले आहे. यात किती तथ्य आहे?

उंची वाढवण्याचे उपाय कृपया सुचवू नयेत. ते सांगणारे नातेवाईक आमच्याकडे भरपूर आहेत.

मैदानावरचा मास्तर

ताई, मी पुण्यात सत्तावीस वर्षे शाळकरी मुलांना बास्केटबॉल शिकवले आहे आणि बोग्सचे नाव घेऊन माझ्याकडे आलेली मुले आणि पालक बरेच पाहिले आहेत. या खेळात उंचीला महत्त्व नाही, हे वाक्य ऐकायला ते आलेले असतात. ते मी तुम्हाला सांगणार नाही, कारण ते खरे नाही. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते आणि ती सर्वांसाठी तेवढ्याच उंचीवर असते. बोग्सला हे आपल्या कोणाहीपेक्षा चांगले ठाऊक होते. मैदानावर अशी एक जागा त्याने हेरली, जिथे उंच माणसाला त्याच्या उंचीचाच अडथळा होतो, आणि त्या जागेचा तो पक्का मालक झाला.

ती जागा म्हणजे कमरेच्या खालचा चेंडू. ड्रिबल करणाऱ्या, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेणाऱ्या कोणत्याही खेळाडूचा चेंडू दर वेळी जमिनीपर्यंत जाऊन परत हातात यावा लागतो. साडेसहा फुटांच्या माणसाच्या बाबतीत हा प्रवास लांब असतो, आणि त्या प्रवासात चेंडू काही क्षण कोणाच्याच हातात नसतो. बोग्सचा हात नेमका त्या क्षणी तिथे पोहोचलेला असे, कारण त्याला वाकून खाली यावे लागत नव्हते, तो आधीच खाली होता. लहानपणी बाल्टिमोरच्या गल्लीत तो इतर मुलांच्या हातून चेंडू असा काही लुबाडत असे की वाटमारी या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्याला 'मग्सी' हे नाव पडले. टायरोन हे पाळण्यातले नाव फार थोड्यांच्या लक्षात राहिले. एनबीएच्या कारकिर्दीत त्याने १,३६९ वेळा प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू काढून घेतला.

तो लहानपणी कुस्तीही खेळायचा. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण त्याच्या चित्रफिती पाहताना मुले त्याचे हात पाहतात आणि पाय पाहायचे विसरतात. आपल्याकडे कबड्डीत कोपरा सांभाळणारा खेळाडू गुडघे वाकवून, छाती पुढे घेऊन चढाई करणाऱ्याच्या घोट्यांवर नजर ठेवतो. बोग्सची उभे राहण्याची ढब साधारण तशी होती, फक्त तो त्याच ढबीत मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समोरच्याबरोबर सरकत जायचा. प्रतिस्पर्धी गार्डला मैदानाची मध्यरेषा ओलांडण्यासाठीच इतकी शक्ती खर्चावी लागे की पुढची चाल रचायला त्याच्याकडे वेळ उरत नसे. १९८६ साली स्पेनमध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत महाविद्यालयीन खेळाडूंचा अमेरिकी संघ उतरला होता. त्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध ड्राझेन पेट्रोव्हिचसारख्या असामान्य गुणवत्तेच्या, बोग्सपेक्षा एक फुटाहून अधिक उंच खेळाडूला रोखण्याचे काम त्याच्याकडे सोपवण्यात आले होते. तो सामना अमेरिकेने जिंकला आणि पुढे माद्रिदमधल्या अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाला ८७–८५ असे हरवून सुवर्णपदकही मिळवले. तुमच्या मुलाला शोधता आली तर त्या स्पर्धेची चित्रफीत जरूर दाखवा. एनबीएच्या निवडक क्षणांच्या फितींपेक्षा तिच्यातून जास्त शिकायला मिळेल.

आता शाळेविषयी. बाल्टिमोरमधल्या लाफायेट कोर्ट नावाच्या गरीब वस्तीत तो वाढला, पाच वर्षांचा असताना रस्त्यावरच्या गोळीबारात छर्रे लागून जखमी झाला, आणि त्याचे वडील दरोड्याच्या गुन्ह्यात तुरुंगात गेले. त्या परिस्थितीतून तो डनबार हायस्कूलमध्ये आला. पॉल लॉरेन्स डनबार या कवीच्या नावाची ती शाळा, म्हणून तिच्या संघाला 'पोएट्स' म्हणतात. प्रशिक्षक होते बॉब वेड. बोग्स तिथे खेळला त्या दोन हंगामांत शाळेने एकही सामना गमावला नाही, आणि १९८३ मध्ये देशभरातल्या शालेय संघांच्या क्रमवारीत ती पहिली आली. त्या संघातले रेजी विल्यम्स, बोग्स आणि रेजी लुईस हे तिघे १९८७ च्या एकाच ड्राफ्टच्या (एनबीएचे संघ दर वर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीच्या) पहिल्या फेरीत निवडले गेले, अनुक्रमे चौथ्या, बाराव्या आणि बाविसाव्या क्रमांकावर. चौथा साथीदार डेव्हिड विंगेट त्याच्या आदल्या वर्षीच एनबीएमध्ये पोहोचला होता. एका सरकारी शाळेच्या एका संघातून चार खेळाडू! बोग्सकडे एकटा बुटका वीर म्हणून पाहणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. रोजच्या सरावात त्याच्यासमोर पुढे एनबीएत जाणारी मुले उभी असत आणि त्यांच्या तावडीतून चेंडू सुखरूप नेणे हा त्याचा शालेय वयातला दिनक्रम होता.

(त्या मैत्रीचा शेवट फार दुःखद आहे. २९ एप्रिल १९९३ रोजी बोस्टन आणि शार्लट यांच्यातल्या बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात बोस्टनचा कर्णधार रेजी लुईस मैदानावर कोसळला, तेव्हा समोरच्या संघात बोग्स होता. तीन महिन्यांनी, २७ जुलैला, हृदयविकाराने लुईस गेला. तो सत्तावीस वर्षांचा होता. शिकवण्याच्या ओघात मी मुलांना हे सांगतो आणि छातीत धडधड झाली किंवा चक्कर आली तर लपवू नका, असेही बजावतो.)

वेड मुलांकडून हातात विटा धरून बचावाचा सराव करून घेत, हे पुष्कळांनी वाचलेले असते. माझी कळकळीची विनंती आहे की तुमच्या मुलाने याची नक्कल करू नये. चौदाव्या वर्षी सांध्यांवर असा भार टाकण्याचे कारण नाही, आणि आपल्याकडची बहुतेक मैदाने सिमेंटची आहेत, त्यामुळे गुडघ्यांना आधीच पुरेसा मार बसत असतो.

आकड्यांचा वाचक

मास्तरांनी खेळाची बाजू उत्तम मांडली आहे. मी तुमच्या दोन प्रश्नांपुरते, म्हणजे योगायोग किती आणि जॉर्डनच्या टोमण्याचे काय, एवढ्यापुरतेच लिहितो.

आधी टोमणा. ही कथा १९९५ च्या बाद फेरीतल्या बोग्सचा शार्लट विरुद्ध जॉर्डनचा शिकागो या मालिकेशी जोडली जाते. १९९४–९५ च्या हंगामात बोग्स ७८ सामने खेळला होता आणि सामन्यामागे त्याची ११.१ गुण आणि ८.७ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) अशी सरासरी होती. पुढच्या हंगामात तो फक्त सहा सामने खेळू शकला, कारण त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. त्यानंतरच्या हंगामात तो परतला आणि ६५ सामने खेळला. गुडघा दुखावलेला, तिशी ओलांडलेला आणि सगळा खेळ पायांच्या चपळाईवर उभा असलेला गार्ड मंदावतो, याचे स्पष्टीकरण देण्यासाठी टोमण्याची गरज पडत नाही. शिवाय तो संपलाही नाही. १९९७ मध्ये तो गोल्डन स्टेट या संघाकडे गेला, तिथून टोरांटोला. १९९९–२००० या हंगामात पस्तिशी गाठलेला बोग्स टोरांटोसाठी ८० सामने खेळला आणि त्याच वर्षी तो संघ इतिहासात प्रथमच बाद फेरीत पोहोचला. एकंदर १४ हंगाम आणि ८८९ सामने. ज्याचा आत्मविश्वास एका वाक्याने गेला, असा माणूस सहा वर्षे आणखी त्या पातळीवर टिकत नाही. मुलाला हे नक्की सांगा.

आता योगायोग. बोग्सचे कारकिर्दीतले सामन्यामागचे ७.६ असिस्ट सर्वांना दिसतात, पण मला त्याच्या शेजारचा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. सामन्यामागे त्याच्या हातून चेंडू गमावला जाण्याचे प्रमाण अवघे १.६ होते. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एकदा चेंडू देण्याआधी तो साडेचारांहून अधिक वेळा सहकाऱ्याला गुण मिळवून देत असे. ज्याच्या हातात सामनाभर चेंडू असतो अशा गार्डसाठी हे प्रमाण अत्यंत दुर्मिळ आहे. १९८९–९० मध्ये त्याची असिस्टची सरासरी १०.७ होती. शार्लटच्या संघासाठी त्याने केलेले ५,५५७ असिस्ट आणि १,०६७ स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून काढून घेतलेले चेंडू) हे त्या संघाचे विक्रम आहेत. हा भाग योगायोगाचा नाही, कारण योगायोग दहा हंगाम चालत नाही.

तरीही काळ त्याला अनुकूल होता, हे मान्य करावे लागेल. त्याच्या काळात परिघावर बचाव करताना समोरच्याच्या अंगाला हात लावून त्याला नियंत्रित करण्याची बरीच मोकळीक होती, आणि २००४–०५ पासून ती फार कमी झाली. एनबीएमध्ये झोन बचावाला, म्हणजे एकेका खेळाडूऐवजी मैदानाचा एकेक भाग सांभाळण्याला, परवानगी २००१–०२ पासून मिळाली. दुरून मारायचे तीन गुणांचे फटके तेव्हा आजच्या तुलनेत फार थोडे मारले जात, आणि बोग्सची त्यातली यशाची टक्केवारी कारकिर्दीत सुमारे २८ होती. आजचे संघ प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत बुटक्या खेळाडूला हेरून पुन्हापुन्हा त्याच्याच अंगावर चाल रचतात, आणि दुरून न मारणाऱ्या गार्डला मोकळा सोडून देतात. त्यामुळे बोग्स आज त्याच खेळावर तसाच टिकला असता असे मी म्हणणार नाही. त्याच्यानंतर १६५ सेंटिमीटरचा अर्ल बॉयकिन्स ड्राफ्टमध्ये कोणी न निवडताही एनबीएत पोहोचला, आणि १७५ सेंटिमीटरचा आयझेया थॉमस २०११ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या, साठाव्या क्रमांकावर निवडला जाऊन २०१६–१७ मध्ये बोस्टनसाठी सामन्यामागे २८.९ गुण करत होता. या दोघांकडेही दुरून किंवा गर्दीतून स्वतः गुण मिळवण्याची ताकद होती. तुमच्या मुलाने बोग्सचा बचाव आणि चेंडूची जपणूक शिकावी, आणि नेमबाजी मात्र थॉमसकडे पाहून शिकावी, असे मी सुचवीन.

एक उदाहरण आपल्या देशातलेही आहे. पंजाबमधल्या बल्लो के या खेड्यातला सतनामसिंग भामरा सात फूट दोन इंच उंच आहे. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला बावन्नाव्या क्रमांकावर निवडले आणि एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय ठरला. तरीही एनबीएच्या एकाही सामन्यात तो उतरू शकला नाही आणि पुढे व्यावसायिक कुस्तीकडे वळला. त्याने घेतलेल्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. मोजपट्टीवरून निवड करणाऱ्यांनी मात्र बोग्स आणि सतनाम ही दोन माणसे शेजारी उभी करून पाहावीत, असे मला मनापासून वाटते.

जुनी पॉइंट गार्ड

ताई, तुमचा प्रश्न वाचून माझे हात थांबले. मी पुण्यातच खेळले, बालेवाडीच्या क्रीडासंकुलातही खेळले, राज्य संघापर्यंत पोहोचले. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. मलाही एकदा भिंतीशी उभे केले होते, त्याला आता तीस वर्षे होत आली.

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी बव्हंशी सहमत आहे, पण त्यांत एक गोष्ट मला पुरेशी दिसली नाही. बोग्सची कारकीर्द दोन ठिकाणी संपू शकली असती. वेक फॉरेस्ट विद्यापीठात तो १९८३ मध्ये गेला तेव्हा पहिल्या वर्षी त्याला फारसे खेळवलेच गेले नाही. सामन्यामागे जेमतेम एखादा गुण, इतकी त्याची सरासरी होती. शाळेत दोन वर्षे एकही सामना न हरलेला, देशातल्या सर्वोत्तम शालेय संघाचा सूत्रधार आता बाकावर बसला होता. त्याच विद्यापीठातून बाहेर पडताना शेवटच्या वर्षी त्याची सरासरी १४.८ गुण आणि ९.५ असिस्ट अशी होती, आणि विद्यापीठाने पुढे त्याच्या सदऱ्यावरचा १४ क्रमांक कायमचा राखून ठेवला, म्हणजे तो इतर कोणाला दिला नाही. मधल्या काळात त्याची उंची वाढलेली नव्हती.

दुसरे ठिकाण वॉशिंग्टन. १९८७ मध्ये त्या संघाने त्याला बाराव्या क्रमांकावर निवडले. तिथे त्याच्याच संघात सात फूट सात इंचांचा मानुट बोल होता. दोघांच्या उंचीतला अठ्ठावीस इंचांचा फरक दाखवणारी छायाचित्रे जगभर छापली गेली आणि लोक सामन्याऐवजी ती जोडी पाहायला येऊ लागले. एका हंगामानंतर शार्लट हा नवा संघ लीगमध्ये आला, तेव्हा जुन्या संघांना काही ठरावीक खेळाडू राखून बाकीचे खुले ठेवावे लागत होते. वॉशिंग्टनने बोग्सला राखले नाही. म्हणजे पहिल्या फेरीत निवडलेला खेळाडू वर्षभरात त्यांना नकोसा झाला होता.

शार्लटने त्याला घेतले. नवा संघ असल्यामुळे तिथे आधीपासून ठरलेली कोणाची जागा नव्हती. पहिल्या हंगामात त्या संघाने फक्त वीस सामने जिंकले, तरीही शहराने त्यांना डोक्यावर घेतले होते. मग १९९१ मध्ये लॅरी जॉन्सन आला, १९९२ मध्ये अलोन्झो मॉर्निंग आला, दुरून मारणारा डेल करी पहिल्यापासून होताच. धावणारे आणि उडी घेणारे इतके सहकारी मिळाल्यावर चेंडू वेगाने पुढे नेऊन प्रतिस्पर्ध्याचा बचाव उभा राहण्याआधी पास देणे, हे बोग्सचे खरे काम सुरू झाले. १९९३ मध्ये शार्लटने पहिल्यांदा बाद फेरी गाठली आणि बोस्टनला ३–१ ने हरवले. तो काळ त्याच्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा असावा, असे मला त्या वेळच्या त्याच्या खेळाकडे पाहून नेहमी वाटते.

मास्तर म्हणतात त्याप्रमाणे त्याने स्वतःची जागा हेरली, हे खरेच आहे. पण ती जागा त्याला कोणीतरी खुली करून द्यावी लागली आणि जिथे ती मिळत नव्हती तिथून तो बाहेर पडला, किंवा काढला गेला, हेही तितकेच खरे आहे. माझ्या बाबतीत मी एकाच ठिकाणी सहा वर्षे वाट पाहत राहिले. कोणी मला सांगितले नाही की पुण्यात दुसरीही मैदाने आहेत, जिथे उंच मुले आहेत पण चेंडू नेणारे कोणी नाही. तुमच्या मुलासाठी निवड समितीचा निर्णय बदलण्याची वाट पाहत एक वर्ष घालवू नका. ज्या क्लबला गार्ड हवा आहे तो शोधा. त्यासाठी कोथरूडहून पिंपरीला जावे लागले तरी हरकत नाही, मुले पीएमपीएमएलच्या बसने जातात आणि जाताना अभ्यासही करतात, मी केला आहे.

आणि चित्रफितींविषयी एक सुचवू का? १४ एप्रिल १९९३ च्या सामन्यात बोग्सने सात फुटांच्या पॅट्रिक युइंगचा फटका अडवला होता आणि सगळी मुले तोच तुकडा पाहत असतात. साऱ्या कारकिर्दीत त्याने असे फटके अडवले ३९. मुलाला सांगा, एखादा पूर्ण सामना पाहा, त्यात बोग्सकडे चेंडू नसताना तो कुठे उभा आहे ते वहीत लिही.

मैदानावरचा मास्तर

ताईंनी (पॉइंट गार्ड ताईंनी) लिहिलेले मला मान्य आहे, आणि त्यांचे म्हणणे वाचताना मला माझ्याच एका चुकीची आठवण झाली. मीही एका बुटक्या मुलाला संघात घेतले, पण त्याच्यासाठी खेळ बदलला नाही. उंच मुलांच्या बचावाला साजेशा चालींमध्येच त्याला कोंबले आणि तो अयशस्वी झाल्यावर "बघा, जमत नाही" असे म्हटले. शार्लटने बोग्सला नुसते घेतले नाही, आपल्या खेळाचा वेग त्याच्या पायांप्रमाणे ठेवला. प्रशिक्षकांनी त्याच्या कारकिर्दीतून घ्यायचा भाग हा आहे आणि मला तो उशिरा कळला.

कर्वेनगरची वाचक

सर्वांचे मनापासून आभार. तुमची उत्तरे मी मुलाला मोठ्याने वाचून दाखवली. टोमण्याच्या कथेचा भाग ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प होता, मग त्याने विचारले, "सहा सामन्यांनंतर पुढच्या वर्षी पासष्ट?" आणि तो आकडा त्याने वहीत लिहून घेतला.

आम्ही शनिवारी दोन ठिकाणी जाऊन आलो. एका ठिकाणच्या सरांनी त्याची उंची विचारली नाही. त्याला उंच मुलांच्या विरुद्ध अर्धा तास खेळवले आणि सोमवारपासून यायला सांगितले. तिथे जायला दोन बस बदलाव्या लागतात, ते आम्ही जुळवून घेऊ. निवृत्तीनंतर हे बोग्स काय करतात, असे मुलाने विचारायला सांगितले आहे. आणि मास्तर, सिमेंटवरच्या गुडघ्यांविषयी तुम्ही लिहिले आहे, त्यावर थोडे मार्गदर्शन कराल का? पावसाळ्यात मैदान ओले असते तेव्हा तो घराच्या गच्चीवर ड्रिबल करत असतो.

आकड्यांचा वाचक

२००५ मध्ये ते शार्लट स्टिंग या महिलांच्या व्यावसायिक संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. तो संघ २००७ च्या सुरुवातीला बंद पडला. पुढे त्यांनी शार्लटमध्येच एका शाळेच्या संघाला शिकवले. ज्या शहराने त्यांना जागा दिली, तिथेच ते राहिले.

मैदानावरचा मास्तर

गच्चीवर ड्रिबल करायला काहीच हरकत नाही, उलट अरुंद जागेत चेंडू खाली ठेवण्याची सवय लागते. फक्त गच्चीवर उड्या मारू नयेत, आणि बूट जुने झाले की लगेच बदलावेत, टाच झिजलेली दिसेपर्यंत थांबू नये. दर वेळी वीस मिनिटे डाव्या हाताने, गुडघ्याच्या वर चेंडू येऊ न देता ड्रिबल करावे आणि नजर समोरच्या इमारतीच्या एखाद्या खिडकीवर ठेवावी, चेंडूवर नको. उभे राहताना पाठ सरळ आणि मांड्या वाकलेल्या असाव्यात. पहिल्या आठवड्यात मांड्या दुखतील, ते चालेल. गुडघ्याच्या वाटीखाली दुखले तर मात्र थांबून डॉक्टरांना दाखवावे, कारण वाढीच्या वयात तिथली दुखणी अंगावर काढू नयेत.

तुमची हरकत नसेल तर एखाद्या रविवारी सकाळी त्याला घेऊन या. मी सातच्या आधी मैदानावर असतो. बोग्ससारखे खाली सरकत मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कसे जायचे, ते लिहून सांगता येत नाही, त्याच्याबरोबर सरकूनच दाखवावे लागेल.